टेरिटोरियल आर्मी दिन, ९ ऑक्टोबर: पुणेकर वारंवार विचारतात ते प्रश्न

माझा धाकटा भाऊ भोसरीतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो आणि वर्षातला काही काळ टेरिटोरियल आर्मीच्या वर्दीत असतो. त्यामुळे नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, त्याच्या कंपनीतली माणसं आणि भरतीची तयारी करणारी मुलं मला सारखे प्रश्न पाठवत असतात. गणपती उठले की त्यांचा ओघ वाढतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भरतीच्या अटी जाहिरातीगणिक थोड्याफार बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची सरकारी जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचाच.

१. टेरिटोरियल आर्मी दिन कधी असतो? हीच तारीख का?

दरवर्षी ९ ऑक्टोबरला. टेरिटोरियल आर्मीचा कायदा १९४८ साली झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते दिल्लीत या सेनेचं रीतसर उद्‌घाटन झालं. म्हणजे हा स्थापना दिन. आदल्याच दिवशी, ८ ऑक्टोबरला, वायुसेना दिन असतो. सगळं लक्ष आकाशातल्या कसरतींकडे असतं आणि दुसऱ्या दिवशी टेरिटोरियल आर्मीची आठवण फारशी कोणाला राहत नाही. मला याचं दरवर्षी वाईट वाटतं.

२. टेरिटोरियल आर्मी म्हणजे नक्की काय? होमगार्डसारखं काही असतं का?

होमगार्ड नव्हे. टेरिटोरियल आर्मी, मराठीत प्रादेशिक सेना आणि बोलताना नुसतं ‘टीए’, हा भारतीय लष्कराचाच भाग आहे. फरक इतकाच, की इथला माणूस एरवी आपली नोकरी, धंदा किंवा शेती सांभाळतो, दरवर्षी ठरावीक काळ लष्करी प्रशिक्षण घेतो आणि बोलावणं आलं की गणवेश चढवून रुजू होतो. पहारे आणि महत्त्वाच्या ठिकाणांची राखण करून नियमित सेनेला मोकळं करणं, आपत्तीत प्रशासनाच्या मदतीला जाणं, अत्यावश्यक सेवा बंद पडू न देणं आणि गरज पडल्यास नियमित सेनेला पलटणी पुरवणं, ही तिची कामं. ब्रीद आहे ‘सावधानी व शूरता’.

होमगार्ड राज्य सरकारच्या हाताखाली पोलिसांना मदत करतात. एनसीसी विद्यार्थ्यांसाठी आहे, तिथल्या कॅडेटवर सैन्यात जायचं बंधन नसतं. अग्निवीर चार वर्षं पूर्णवेळ सैनिक असतो. हे चारही मार्ग वेगळे आहेत.

३. त्या दिवशी सुट्टी असते का?

नाही. शाळा, बँका, कंपन्या सगळं नेहमीसारखं चालू असतं.

४. पुण्याशी याचा काय संबंध?

बराच जवळचा. दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात आहे आणि त्या कमांडमधल्या टीए पलटणींचं ग्रुप हेडक्वार्टरही इथेच. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या १०१ इन्फन्ट्री बटालियन (टीए) या पलटणीचं मूळ ठाणं पुणे. तिचीच भावंड म्हणावी अशी १०९ कोल्हापूरला आहे. देवळालीला पॅराशूट रेजिमेंटशी जोडलेली ११६ आणि नागपुरात सीताबर्डीच्या किल्ल्यात ग्रेनेडियर्सची ११८. ‘मूळ ठाणं’ म्हटलं, कारण बोलावणं आलं की पलटण देशात कुठेही जाते.

१५ जानेवारी २०२५ ला सेना दिनाचं संचलन खडकीच्या बीईजी (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) सेंटरमध्ये झालं. तेव्हा अनेक पुणेकरांनी लष्कर पहिल्यांदाच इतकं जवळून पाहिलं. टीएचा माणूस त्याहून जवळ असतो. तो तुमच्याच कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेला असू शकतो.

५. पुण्यात ९ ऑक्टोबरचा कार्यक्रम कुठे बघायला मिळतो?

पलटणींचे कार्यक्रम लष्करी हद्दीत होतात, तिथे सरसकट प्रवेश नसतो. ज्यांच्या घरचं कोणी पलटणीत आहे त्यांनी पलटणीतच विचारावं. बाकीच्यांना घोरपडीजवळचं दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांचं हे स्मारक लोकवर्गणीतून उभं राहिलं आणि १५ ऑगस्ट १९९८ ला खुलं झालं. मुलं तिथल्या मिग विमानाकडे धाव घेतात, घेऊ द्यावी. नंतर त्यांना नावांच्या भिंतीपाशी न्यावं आणि चार-पाच नावं मोठ्याने वाचायला सांगावीत.

शाळेत किंवा सोसायटीत टीएच्या सैनिकाला बोलवायचं असेल तर त्याच्या पलटणीला आधी पत्र द्या. गणवेशात जाहीर कार्यक्रमाला यायला त्याला परवानगी लागते, आणि ऐन वेळी विचारलं की तो बिचारा अडचणीत येतो. (फोटोंबद्दल प्रश्न १८ पाहा.)

६. शुभेच्छा द्यायच्या की श्रद्धांजली वाहायची?

स्थापना दिन आहे, तेव्हा शुभेच्छाच. ज्या घरातला माणूस परत आला नाही तिथे मात्र मेसेज पाठवू नये, जाऊन भेटावं.

७. राग मानू नका, पण अर्धवेळ म्हणजे खरे सैनिक नव्हेत ना? लढायला थोडेच जातात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा चांगल्या माणसांकडून येतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टीएच्या पलटणी होत्या. श्रीलंकेतल्या ऑपरेशन पवनमध्ये होत्या. पंजाब, जम्मू-काश्मीर आणि ईशान्येकडच्या दहशतवादविरोधी मोहिमांत वर्षानुवर्षं आहेत.

लान्स नायक नझीर अहमद वाणी यांचं नाव मुलांना सांगा. दक्षिण काश्मीरचा हा माणूस २००४ साली टीएच्या १६२ बटालियनमध्ये दाखल झाला. त्याआधी तो दहशतवादाची वाट सोडून आला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये शोपियान जिल्ह्यात राष्ट्रीय रायफल्सबरोबरच्या कारवाईत अंगावर गोळ्या झेलत तो लढत राहिला आणि तिथेच कामी आला. २६ जानेवारी २०१९ ला त्याला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. शांतताकाळातलं शौर्याचं सर्वोच्च पदक आहे ते. ‘अर्धवेळ’ हा शब्द उच्चारताना मला तरी वाणी आठवतात.

आणि नोने. ३० जून २०२२, मणिपूर. जिरिबाम–इम्फाळ रेल्वेमार्गाच्या कामाला संरक्षण द्यायला तुपुल इथे टीएच्या १०७ बटालियनचा तळ होता. रात्री डोंगर खचला आणि तळ गाडला गेला. रेल्वेचे कामगार गेले, गावकरी गेले, जवानही मोठ्या संख्येने गेले. तिथे शत्रू समोर आला नव्हता, गोळी सुटली नव्हती. पावसाळ्यातल्या डोंगराच्या पायथ्याशी, रेल्वेच्या राखणीला ती माणसं थांबली होती. टीएचं बरंचसं काम हे असं असतं. बातमीत न येणारं, दुसऱ्याचं काम चालू राहावं म्हणून केलेलं. माझ्या मते ९ ऑक्टोबरला आठवण काढायची ती याची.

८. धोनीला मिळाला तो हाच दर्जा का? आणि सचिन?

महेंद्रसिंग धोनी टीएमध्ये मानद लेफ्टनंट कर्नल आहेत, २०११ पासून. मानद दर्जा सरकार देतं, त्यासाठी परीक्षा नसते. २०१९ साली ते पंधरवडाभर आपल्या पॅराशूट पलटणीबरोबर काश्मीरमध्ये राहून आले. कपिल देव यांना हा मान २००८ साली मिळाला. सचिन तेंडुलकर मानद ग्रुप कॅप्टन आहेत, पण वायुसेनेत, टीएमध्ये नव्हे. सचिन पायलट आणि अनुराग ठाकूर यांनी मात्र परीक्षा आणि मुलाखतीच्या रस्त्याने जाऊन कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळवलं. आपल्या नाना पाटेकरांबद्दलही विचारलं जातं. १९९९ साली कारगिल युद्धाच्या काळात टीएचे अधिकारी म्हणून ते आघाडीजवळ जाऊन राहिले होते.

मोठ्या नावांमुळे टीए घराघरांत पोचली हे खरंच. पण तुमच्या ओळखीचा जो टीएवाला आहे, त्याने मैदानावर धावून, तपासणीतून पार पडून ती जागा मिळवलेली असते. दोन्हींची गल्लत नको.

९. भरती कोण होऊ शकतं?

भारताचा नागरिक, वय १८ ते ४२, वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त. अधिकारी व्हायचं तर पदवी हवी आणि स्वतःचं कमाईचं साधन हवं. जवानांची भरती मेळाव्यातून होते. जनरल ड्यूटीसाठी दहावी उत्तीर्ण लागते, काही ट्रेडना आठवीही चालते. उंची, छाती, धावणं, कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी असा क्रम असतो. आपल्या भागातले मेळावे कोल्हापूर, बेळगाव, देवळाली अशा ठिकाणी भरतात आणि कोणत्या दिवशी कोणत्या राज्यातल्या किंवा जिल्ह्यातल्या मुलांनी यायचं ते आधी जाहीर होतं. दुसऱ्याच दिवशी जाऊन रांगेत उभं राहिलेली मुलं उपाशीपोटी परत येतात. कृपा करून तारीख तपासा.

चाळिशीतल्या माणसांना मी मुद्दाम सांगते, की नियमित सेनेचं वय उलटून गेलं म्हणजे दार बंद झालं असं नाही. वय बसत असेल तर टीएचं दार उघडं आहे.

१०. मी हिंजवडीत आयटीत आहे. अधिकारी व्हायचं तर नोकरी सोडावी लागेल का?

उलट नोकरी असणं हीच अट आहे. आधी लेखी परीक्षा. तिच्यात तर्कशक्ती, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी असतं. त्यानंतर टीएच्या ग्रुप हेडक्वार्टरमध्ये प्राथमिक मुलाखत, मग नियमित अधिकाऱ्यांना द्यावी लागते तीच एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची निवड चाचणी), शेवटी वैद्यकीय तपासणी. कमिशन मिळतं ते लेफ्टनंट म्हणून.

जागा फार थोड्या असतात. २०२५ च्या जाहिरातीत १९ होत्या. लेखी परीक्षेला काही महिन्यांचा नेटाने केलेला अभ्यास पुरतो, एसएसबीला घोकंपट्टी चालत नाही. क्लास लावायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. ‘हमखास निवड’ असा फलक दिसला तर मात्र आत पाऊलही टाकू नका.

११. माझा धंदा आहे किंवा शेती आहे. मग ‘नोकरी’ची अट कशी पूर्ण करायची?

अट कमाईची आहे, नोकरीचीच असं नाही. स्वतःचा व्यवसाय असलेल्याने स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. त्यात कामाचं स्वरूप आणि वार्षिक उत्पन्न लिहायचं, सोबत पॅन कार्ड. चाकणचा वर्कशॉपवाला, नारायणगावचा टोमॅटोचा बागायतदार, लक्ष्मी रोडवरचा दुकानदार, कोणीही अर्ज करू शकतो. फक्त एक विचार आधी करा. बोलावणं आलं तर गल्ल्यावर कोण बसेल, ऐन तोडणीला शेत कोण बघेल? घरातल्या माणसांशी हे मोकळेपणाने बोला आणि मगच फॉर्म भरा.

१२. मुलींना जाता येतं का?

हो. आधी बायकांना दार बंद होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये निकाल दिला की कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं लिहिलं आहे, त्यात स्त्रियाही आल्याच. त्याआधी २०१६ साली ओएनजीसीतल्या अभियंता शिल्पी गर्गमुख टीएच्या पहिल्या महिला अधिकारी झाल्या होत्या, पण त्या खात्याच्या पलटणीतून (पुढचा प्रश्न पाहा). आता अडचण जागांची आहे. प्रश्न १० मध्ये सांगितलेल्या १९ जागांपैकी महिलांसाठी एकच होती. हा आकडा वाढायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१३. ‘खात्याच्या पलटणी’ आणि ‘झाडं लावणारी पलटण’ हे काय आहे?

रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइल अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांमधून उभ्या केलेल्या त्या खात्याच्या पलटणी. युद्ध असो की आपत्ती, इंधन आणि वाहतूक थांबू नये हे त्यांचं काम. तिथे त्या खात्याच्या माणसांनाच घेतात. रेल्वेच्या बऱ्याच पलटणी अलीकडे मोडीत काढल्या आहेत.

झाडं लावणाऱ्या त्या इकॉलॉजिकल पलटणी. पहिली १९८२ साली उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी उघडेबोडके केलेले मसुरीचे डोंगर तिने पुन्हा हिरवे केले. या पलटणींत प्रामुख्याने माजी सैनिकांना घेतात, त्यामुळे पंचवीस वर्षांच्या मुलाने तिथे थेट भरतीची वाट पाहू नये. मराठवाड्यासाठी महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ इकॉलॉजिकल बटालियन २०१७ साली छत्रपती संभाजीनगरला उभी राहिली. त्या दुष्काळी माळावर खड्डा खणून रोप जगवणं किती कष्टाचं आहे हे तिथल्या शेतकऱ्याला विचारा. पुण्याहून निवृत्त होऊन गावी परतणाऱ्या फौजींना मी हा रस्ता आवर्जून सुचवते.

१४. वर्षातले किती दिवस जावं लागतं?

अधिकाऱ्याला पहिल्या वर्षी एक महिन्याचं प्राथमिक प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं वार्षिक प्रशिक्षण आणि कमिशननंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं प्रशिक्षण असं वेळापत्रक असतं. हे झालं शांततेच्या काळातलं. पलटण ‘एम्बॉडी’ झाली, म्हणजे प्रत्यक्ष सेवेवर बोलावली गेली, की महिन्यांचा हिशोब आपल्या हातात राहत नाही. काही पलटणी सलग वर्षानुवर्षं सेवेवर असतात. ‘दोन महिने जाऊन यायचं’ एवढ्याच तयारीने कोणी येऊ नये.

१५. पगार आणि पेन्शन मिळतं का?

प्रशिक्षणावर किंवा सेवेवर असतानाच्या काळासाठी नियमित सैनिकासारखाच पगार आणि भत्ते. लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० पासून सुरू होतो, त्यावर १५,५०० लष्करी सेवा वेतन. घरी असता तेव्हा टीएकडून पगार नाही.

पेन्शनच्या बाबतीत भल्याभल्यांचा गोंधळ होतो. मोजली जाते ती प्रत्यक्ष सेवा, नावनोंदणीची वर्षं नव्हेत. अधिकाऱ्याची अशी सेवा २० वर्षं आणि जवान किंवा जेसीओची (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरची) १५ वर्षं भरावी लागते. सेवेमुळे अपंगत्व आलं तर त्याचं पेन्शन वेगळं.

आणखी एक पेच ‘माजी सैनिक’ दर्जाचा. टीएत होता म्हणून तो आपोआप मिळत नाही. सेवेचं पेन्शन मिळणारे, सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदक मिळालेले, एवढेच टीएवाले त्यात बसतात. मुलांची फी सवलत किंवा आरक्षणासाठी अर्ज करण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन हे तपासून घ्या, नाहीतर हेलपाटे पडतात.

१६. कंपनी सोडत नाही म्हणते. जाऊन आलो आणि काढून टाकलं तर?

कायदा तुमच्या बाजूने आहे. टीएच्या कायद्यानुसार सेवा संपवून आलेल्या माणसाला मालकाने परत कामावर घ्यायचं असतं, तेही आधीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर. प्रॉव्हिडंट फंडासारखे हक्क सेवेच्या काळात बुडत नाहीत. मालकाने नकार दिला तर ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तो परत घ्यायचा किंवा भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा प्रशिक्षणाचा काळ कर्तव्यावरच धरला जातो.

व्यवहारात भांडणाची वेळ सहसा येत नाही, त्रास वेगळाच असतो. माझ्या भावाला पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा कंपनीच्या रजेच्या फॉर्मवर तीन चौकटी होत्या, किरकोळ, आजारपण आणि हक्काची. चौथी नव्हतीच. सुपरवायझर भला माणूस, त्याने पलटणीचं शिक्क्याचं पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि शेवटी ‘घरगुती कारण’ असं लिहिलं. घरी दाराशी काळी पत्र्याची ट्रंक तयार होती, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आणि कंपनीच्या दप्तरी हा माणूस घरगुती कारणाने गैरहजर.

म्हणून भरती झाल्याबरोबर, बोलावणं येण्याची वाट न पाहता, कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. बोलावणं आलं की पत्राची प्रत, परतल्यावर पलटणीकडून मिळालेलं सेवेच्या कालावधीचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. तोंडी शब्दावर राहू नका, साहेब बदलतात.

१७. मी एचआरमध्ये आहे. आमच्याकडे टीएचा एक माणूस आहे. आम्ही या दिवशी काय करावं?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा मला फार आनंद होतो. पुष्पगुच्छ द्या, टाळ्या वाजवा, पण त्याआधी रजेच्या नियमांत ‘लष्करी सेवा’ अशी नोंद करून घ्या. तो सेवेवर गेल्यावर त्याचं मशीन किंवा टेबल कोण सांभाळणार हे आधीच ठरवा, म्हणजे मागे राहिलेले सहकारी त्याच्यावर चिडणार नाहीत. पगारवाढीच्या वेळी ‘हजेरी कमी’ म्हणून त्याचे गुण कापले जाणार नाहीत हे बघा. तो बाहेर असताना महिन्यातून एकदा घरी फोन करा. गॅस, शाळेचा दाखला, म्हाताऱ्या आईचा दवाखाना, काय अडलंय ते विचारा. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव, हिंजवडी या पट्ट्यात इतक्या कंपन्या आहेत, त्यांनी एवढं केलं तर टीएच्या माणसाच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरेल.

१८. २०२५ च्या मे महिन्यात सगळ्या टीएला बोलावलं अशी बातमी होती. खरंच सगळे गेले का? आणि परदेशात पाठवू शकतात का?

ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत सरकारने अधिसूचना काढून लष्करप्रमुखांना टीएच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचा अधिकार दिला. अधिकार दिला म्हणजे सगळ्यांना बोलावलं असं होत नाही. ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ बटालियन वेगवेगळ्या कमांडमध्ये सेवेवर आणायच्या असं त्यात होतं. आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. परदेशी सेवेसाठी केंद्र सरकारचा खास किंवा सर्वसाधारण आदेश लागतो, त्याशिवाय भारताबाहेर पाठवता येत नाही. श्रीलंकेचं उदाहरण प्रश्न ७ मध्ये आहे.

त्या दिवसांत ‘आमचा अमुक आज तमुक ठिकाणी निघाला’ असे स्टेटस आणि स्टेशनवरचे फोटो खूप फिरले. अभिमानानेच टाकले होते, पण पलटण कधी, कुठे, कोणत्या गाडीने चालली आहे हे त्यातून उघड होतं. ९ ऑक्टोबरला फोटो टाकायचा असेल तर जुना टाका, पलटणीचा क्रमांक आणि मागची पाटी झाका, ठिकाण लिहू नका आणि ज्याचा फोटो आहे त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर आग्रह करू नका.